माझं नाव बातमीत आलंय, पण ती मी नाही

दिड्डम
१८ जून, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं नाव संमती. टोपणनाव नाही, पाळण्यातलंच. जन्म सोलापूरचा, १३ जानेवारीचा, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत अक्षता पडतात त्या दिवसाचा. वडील बाराबंदी घालून सम्मती कट्ट्यापाशी गर्दीत अडकले होते. दवाखान्यात पोचले तेव्हा मी येऊन तासभर होऊन गेला होता. आजी म्हणाली, कट्ट्यानं उशीर केला, आता नावही त्याचंच ठेवा. (बाहेरगावच्यांसाठी: सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, सात नंदीध्वज येतात, कट्ट्यावर कानडीत संमती वाचतात आणि 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' म्हणत सगळं गाव अक्षता टाकतं.)

गेल्या रविवारी एका पेपरच्या पुरवणीत लेख आला. सोलापुरातली नोकरी करणारी विवाहित बाई, नवऱ्याचा जाच, पुढे पोलिसांत तक्रार. लेखातल्या बाईचं नाव 'संमती (नाव बदलले आहे)'. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, विषयाला साजेसं प्रतीकात्मक नाव आहे. मी सोलापुरात राहते, नोकरी करते, विवाहित आहे. आणि माझ्या माहितीत या गावात या नावाची दुसरी कुणी नाही.

सकाळी साडेआठपासून फोन. अक्कलकोटच्या मावशीला मी म्हटलं, "मावशी, कंसात वाच ना, नाव बदललं आहे असं छापलंय." तर ती म्हणते, "तेच म्हणते मी! लग्नात नाव बदलायचं नाही म्हणून एवढी भांडलीस, आणि आता परस्पर बदललंस होय?"

नवरा दोन दिवस खाली मान घालून जिने चढतोय. त्याने काय घोडं मारलंय?

तर प्रश्न दोन. पेपरवाल्यांना काही म्हणावं का? आणि तुमच्यापैकी कुणाचं नाव असं वेगळं असेल, तर बातम्यांत ते कसं येतं, कसं छापलं जातं, हा अनुभव ऐकायचाय.

शेंगाचटणी
१८ जून, सकाळी ९:५२

आधी माफी मागून हसून घेतो. मावशींना दंडवत. आता गंभीर होतो. थोड्या वेळाने.

प्रतिमा_प
१८ जून, सकाळी १०:०५

ये गं बाई, माझ्या शेजारी बस. मी प्रतिमा. नाव दुर्मीळ नाही, पण बातम्यांत मी रोज असते. प्रत्येक जयंतीला माझं पूजन होतं, प्रत्येक आंदोलनात मला जोडे मारतात, क्वचित दहनही होतं. निवडणूक आली की मी 'मलिन' होते आणि निकालानंतर 'उंचावते'. आमच्या ऑफिसात एक जण रोज सकाळी पेपर उघडून विचारतो, "मॅडम, आज पूजन की जोडे?"

सुविधा_सातरस्ता
१८ जून, सकाळी १०:२०

प्रतिमाताई, तुमचं निदान पूजन तरी होतं. माझा फक्त 'बोजवारा' उडतो. 'मूलभूत सुविधांचा बोजवारा' हे शीर्षक सोलापूरच्या पानावर आठवड्यातून एकदा असतंच. उजनी भरली काय, रिकामी झाली काय, नळाला पाणी चार-पाच दिवसांनीच. आणि पोरं मला म्हणतात, आई, तू परत आलीस पेपरात.

कडकभाकरी
१८ जून, सकाळी १०:३१

कस्काय बे सगळे सकाळी सकाळी नावं सांगूलालेत. माझ्या मामेबहिणीचं नाव निवेदिता. तिच्या लग्नाच्या वाढदिवसाची जाहिरात दिली होती. छापून आलं, 'सौ. निविदा'. शेजारी खरीच नगरपालिकेची निविदा होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. भावजी तेव्हापासून तिला 'मुदतवाढ' म्हणतात.

शेंगाचटणी
१८ जून, सकाळी १०:३४

गंभीर व्हायचा बेत रद्द.

डेस्कवरचं_भूत
१८ जून, सकाळी ११:१५

बावीस वर्षं उपसंपादक होतो, आता निवृत्त. दिड्डम, तुमच्या नावाची खरी गोची वेगळीच आहे, ती सांगतो.

इंग्रजी पेपरात नावाचं पहिलं अक्षर मोठं असतं. वाक्यात कुठेही आलं तरी डोळ्याला कळतं, ही व्यक्ती आहे. देवनागरीत मोठं अक्षर, लहान अक्षर हा प्रकारच नाही. त्यामुळे 'संमती नाकारली' या दोन शब्दांत परवानगी नाकारली की संमती नावाच्या बाईला तिकीट नाकारलं, हे शीर्षक पाहून कळायला मार्ग नाही. मग डेस्क काय करतं? पुढे आडनाव जोडतं, 'श्रीमती' लावतं, नाहीतर एकेरी अवतरणात टाकतं. पण अवतरणात टाकलं की अजूनच संशयास्पद दिसतं: 'संमती' यांचा सत्कार.

दुसरं, बाईचं नाव शीर्षकात बहुतेक पहिल्या नावाने येतं, पुरुषाचं आडनावाने. आपल्याच गावचं बघा. नुसतं 'शिंदे' छापलं तर सोलापूरकर विचारणार, कुठले? सुशीलकुमार, एकनाथ, की प्रणिती? मग डेस्क सरळ 'प्रणिती' लिहून मोकळं होतं. नाव दुर्मीळ आहे, त्यामुळे एका शब्दात काम भागतं. तीन अक्षरं, शीर्षकाच्या मापात बसतात. दुर्मीळ नावाचा हा फायदा फक्त डेस्कवाल्यालाच कळतो. सुनीता नावाच्या उमेदवाराचं शीर्षक करून बघा म्हणजे समजेल.

आणि तिसरं, फोनवरून बातमी सांगणारा वार्ताहर. तो म्हणतो 'संमती', इकडे ऐकू येतं 'सुमती'. ऐकणाऱ्याला माहीत असलेलं नावच ऐकू येतं. वेगळं नाव छापण्याआधी किमान तीन जण ते 'दुरुस्त' करतात, तेही चांगल्या मनाने. पूर्वी शेवटी एक मुद्रितशोधक बसायचा, तो फोन करून विचारायचा. आता ती खुर्चीच नाही.

दिड्डम
१८ जून, सकाळी ११:४०

भूतकाका, सुमती! अहो, दहावीच्या गुणवत्ता यादीत सुमती, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत सुमती, बँकेतल्या बढतीच्या बातमीत सन्मती. माझ्या कौतुकाच्या सगळ्या कात्रणांत दुसऱ्याच बाया आहेत. आयुष्यात पहिल्यांदा नाव बरोबर छापून आलं, आणि ते हे.

ऱ्हस्वदीर्घ
१८ जून, दुपारी १२:०२

मूळ शब्द तत्सम, ऱ्हस्वान्त: संमति. मराठी लेखननियमांप्रमाणे असे शब्द सुटे लिहिताना दीर्घान्त, म्हणून संमती. व्यक्तिनामांनाही तोच नियम. समासात पहिलं पद आलं की पुन्हा ऱ्हस्व, म्हणून संमतिपत्र, संमतिवय. त्यामुळे आपल्या कट्ट्याला खरं तर 'संमतिकट्टा' म्हणायला हवं. पेपरांत दर जानेवारीला संमती, सम्मती, सन्मती अशी तिन्ही रूपं एकाच पानावर बघतो. सन्मती हा वेगळाच शब्द, चांगली बुद्धी असलेला. जैनांत ते महावीरांचं एक नाव आहे.

प्रणिती या नावाचंही तसंच. 'नीति'ला 'प्र' जोडला तर णी दीर्घ हवा, पण रूढ झालं ते ऱ्हस्व. हिंदी वाहिन्यांवर खाली पट्टीत वेगळंच दिसतं.

कडकभाकरी
१८ जून, दुपारी १२:०९

काका, कट्ट्यावर जाऊन नंदीध्वज धरणाऱ्याला सांगा बे, 'आपण ऱ्हस्व चुकलात'.

भीमाकाठ
१८ जून, दुपारी १२:३०

@डेस्कवरचं_भूत, पुरुष आडनावाने आणि बाई नावाने हे पूर्ण पटलं नाही. राज आणि उद्धव यांची शीर्षकं पहिल्या नावानेच होतात की. जिथे आडनाव एक आणि माणसं दोन, तिथे पहिलं नाव येतं. यात बाई-पुरुष कुठून आलं?

डेस्कवरचं_भूत
१८ जून, दुपारी १२:४८

भीमाकाठ, मुद्दा बरोबर. पण आडनाव एकटं असलं तरी बाईचं पहिलं नाव वापरलं जातं, हे क्रीडा पान उघडून बघा. 'कोहलीचं शतक', पण 'स्मृतीचं शतक'. मानधना आडनावाचा दुसरा कुणी संघात नाही. मी स्वतः अशी शंभर शीर्षकं दिली असतील, आणि तेव्हा हात थबकला नाही.

एकदिवसीय
१८ जून, दुपारी १:०५

क्रीडा पानाचा विषय निघालाच आहे तर मीराबाई चानू. टोकियोत तिने रौप्य घेतलं तेव्हा सगळीकडे 'चानूची कमाल', 'चानूने इतिहास घडवला'. मणिपुरी मित्राने सांगितलं, चानू हे आडनाव नाहीच. मुलीच्या नावामागे लावतात ते, अर्थ मुलगी, लेक असा. घराण्याचं नाव साइखोम, ते आधी येतं. म्हणजे आपण अख्खं ऑलिंपिक तिला 'लेकीची कमाल' म्हणत होतो. तसं बघितलं तर वाईट नाही!

पूर्वभाग_पद्मा
१८ जून, दुपारी २:२०

मणिपूर लांब राहिलं, अशोक चौकाकडे या. आमच्या पूर्व भागात तेलुगू घरं. माझ्या आजीचं नाव नरसम्मा. विड्या वळायची. कारखान्याच्या कार्डावर 'नरसाबाई', रेशन कार्डावर 'नर्सम्मा', मतदार यादीत 'नरसमा'. एकदा मोर्चाच्या फोटोखाली नावं छापून आली, त्यात ती 'नर्मदाबाई' झाली होती. तिला वाचता येत नव्हतं. ते कात्रण तिने देवघरामागे चिकटवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटोवर बोट ठेवून दाखवायची. खाली काय लिहिलंय ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता आम्ही राहतो ती वसाहत कुंभारीची, विडी कामगार बायांची दहा हजार घरं. वसाहतीला नाव दिलंय कष्टकऱ्यांच्या पुढारी गोदूताई परुळेकर यांचं. गोदावरीची गोदूताई झाली ती लोकांच्या तोंडी. असं नाव बदललेलं चालतं. ते प्रेमाने बदललेलं असतं.

दिड्डम
१८ जून, दुपारी २:४१

पद्मा, तुमची पोस्ट वाचून माझी तक्रार फार लहान वाटायला लागली.

पूर्वभाग_पद्मा
१८ जून, दुपारी २:४४

नाही हो, तसं नका म्हणू. नाव ते नाव.

तटस्थ
१८ जून, दुपारी ३:१०

मला हा धागा थोडा अतिरेकी वाटतोय. पेपरने कायद्याप्रमाणे पीडितेचं खरं नाव लपवलं. काहीतरी नाव द्यावं लागणारच. जे देतील ते कुणाचं ना कुणाचं असणारच. उद्या प्रत्येक सविता उठून संपादकांना फोन करू लागली तर? आणि मूळ बाईचं काय झालं, त्यावर इथे एक ओळ नाही. सगळे स्वतःच्या नावाचं कौतुक करताहेत.

काळाकोट
१८ जून, दुपारी ३:४५

तटस्थ यांचा शेवटचा मुद्दा मान्य. पहिल्यावर थोडं.

ओळख लपवण्याचं बंधन भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे; जुन्या दंड संहितेत ते २२८-अ होतं. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलं की आडून-आडून कळेल असाही तपशील नको. पतीच्या जाचाच्या प्रत्येक बातमीला हे कलम लागतंच असं नाही, तिथे पेपर स्वतःहून काळजी घेतो, आणि ते योग्यच आहे. पण बदललेलं नाव तिसऱ्याच बाईचं निघालं तर काय, यावर ते कलम गप्प आहे. कारण कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकच बाई होती.

दिड्डम, नोटीस वगैरेच्या फंदात पडू नका. त्या बाईची केस त्यात ओढली जाईल. पत्र लिहा, साध्या भाषेत. लेखातला व्यवसाय, गाव, वय यांतलं काय बदललं होतं आणि काय नाही, तेवढं विचारा. नाव बदलून गाव, नोकरी आणि गल्ली तशीच ठेवली, तर नाव बदलण्याला अर्थ उरत नाही.

दिड्डम
१८ जून, दुपारी ४:०२

@तटस्थ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. राग आला, मग उतरला. बरोबर आहे, मी त्या बाईबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मी फक्त स्वतःचं नाव शोधत होते. आज परत वाचते.

बापूमास्तर
१८ जून, संध्याकाळी ६:३०

शाळा सुटली, आता सवडीने लिहितो.

दिड्डम, तुमचं नाव मराठी पेपरांत एके काळी रोज होतं. गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय दहाचं बारा केलं. एवढ्याशा बदलावरून महाराष्ट्र पेटला होता. आगरकर बाजूने, टिळक विरोधात, अग्रलेखांवर अग्रलेख. 'संमति' हा शब्द तेव्हा जितका छापला गेला तितका त्याआधी क्वचितच छापला गेला असेल. पण ज्यांच्या संमतीबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांचं नाव कुठे होतं?

त्याआधीचं रखमाबाईंचं प्रकरण आठवा. लहानपणी लग्न झालेलं, मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, कोर्टात दावा लावला. 'नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा' इथवर ते पोचलं. 'तुरुंगात जाईन' असं उत्तर देणारी ही बाई. आणि १८८५ मध्ये तिने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रं लिहिली ती कुठल्या नावाने? 'अ हिंदू लेडी', म्हणजे एक हिंदू स्त्री. खटल्याच्या बातमीत तिचं नाव सगळ्यांना पाठ, पण स्वतःचं म्हणणं मांडताना नाव नाही. पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली, सुरत-राजकोटला कितीतरी वर्षं दवाखाना चालवला.

वर्गात हे शिकवतो तेव्हा एक तरी मुलगी विचारते, सर, नाव का नाही लिहिलं? मी उत्तर देत नाही, त्यांनाच विचारतो. गेल्या वर्षी एकीने सांगितलं, "नाव लिहिलं असतं तर लोकांनी पत्र वाचलंच नसतं सर, तिलाच वाचलं असतं."

शेंगाचटणी
१८ जून, संध्याकाळी ६:४१

मास्तर, आता खरंच गंभीर झालो. ती पोरगी कितवीत आहे? शंभरपैकी शंभर द्या तिला.

माणदेशी
१८ जून, रात्री ८:१५

सातारा जिल्ह्यातला आहे, म्हणून हे लिहितो. आमच्याकडे मुलीवर मुली झाल्या की पुढचीचं नाव नकुशी ठेवायचे. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेने मोठा कार्यक्रम घेतला, २८५ मुलींची नावं बदलली. फार चांगली गोष्ट. कॅमेरे आले, देशाबाहेरूनही बातम्या झाल्या. पण त्या बातम्यांत काही जणींचं जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलं गेलं. जे नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं ते इंटरनेटवर कायमचं राहिलं. माझ्या ओळखीत अशी एक आहे. आता नर्स आहे, नव्या नावाने. तिला अजून भीती वाटते, कुणी शोधलं तर?

प्रतिमा_प
१८ जून, रात्री ८:३०

हा विचारच केला नव्हता कधी. नाव पुसायला गेले आणि तेच कोरून ठेवलं.

सुविधा_सातरस्ता
१८ जून, रात्री ८:५२

राष्ट्रपती मुर्मू यांनीही सांगितलंय ना, द्रौपदी हे नाव शाळेतल्या एका शिक्षकाने दिलं. घरचं संथाली नाव वेगळंच होतं. बातम्या मात्र महाभारतातल्या द्रौपदीवर सुरू झाल्या आणि तिथेच राहिल्या.

आणि दिड्डमताई, लग्नात नाव बदलायचं नाही म्हणून भांडलात, ते सांगा की. आमच्यात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव काढायला लावलं. मी 'सुविधा'च काढलं. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. तीन महिन्यांनी कळलं.

दिड्डम
१८ जून, रात्री ९:१०

:D तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. आमच्याकडे ताटात 'सुमती' काढायचं ठरलं होतं. मी म्हटलं, पेपरवाले आयुष्यभर तेच छापत आलेत, तुम्ही तरी नका करू. सासरे हसले आणि प्रकरण मिटलं.

आता खरा किस्सा. माझी मुलगी मागच्या वर्षीची. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा सरकारचा नियम झाला ना? मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला कोण आनंद! शाळेच्या दाखल्यावर माझं नाव असणार. फॉर्म भरला. खिडकीतल्या माणसाने वाचला, मान डोलावली आणि 'आईचे नाव' या रकान्यातला 'संमती' खोडून लिहिलं, 'आहे'. वर मला म्हणतो, "मॅडम, संमती आहे ते कळलं, पण नाव कुठं लिहिलंय?"

शेंगाचटणी
१८ जून, रात्री ९:१२

मेलो. चहा लॅपटॉपवर. बिल कुठे पाठवू?

कडकभाकरी
१८ जून, रात्री ९:१५

'आईचे नाव: आहे.' वर्षाची चांगली बातमी आहे बे ही.

ऱ्हस्वदीर्घ
१८ जून, रात्री ९:२०

निदान 'आहे' शुद्ध लिहिलं.

डेस्कवरचं_भूत
१९ जून, सकाळी ७:३०

तटस्थ यांच्या प्रश्नाकडे परत येतो, रात्री झोप लागली नाही. आमच्या वेळी डेस्कवर एक अलिखित रीत होती. बदललेलं नाव अत्यंत साधं घ्यायचं. सुनीता, अनिता, सविता, मंगल. गावात दोनशे असतील असं. म्हणजे कुणीच उठून म्हणणार नाही की ही मीच. गर्दीत लपवायचं. नाव बदलायचं ते बाई दिसू नये म्हणून. त्यात प्रतीक, अर्थ, काव्य काही घालायचं नाही. हल्ली लेख सजवायची हौस आली, आणि मग 'निर्भया', 'दामिनी' अशी नावं यायला लागली. दामिनी नावाच्या किती मुलींना २०१२ च्या डिसेंबरात शाळेत काय-काय ऐकावं लागलं असेल, कुणी मोजलंय?

सविता_नवीपेठ
१९ जून, सकाळी ८:०५

वा! म्हणजे इतकी वर्षं महाराष्ट्रातल्या सगळ्या वाईट बातम्या आम्हा सवितांच्या अंगावर ढकलत होतात तर. मला वाटायचं आमचं नाव नशिबानेच तसं आहे.

डेस्कवरचं_भूत
१९ जून, सकाळी ८:११

सविताताई, पायावर डोकं ठेवतो.

तटस्थ
१९ जून, सकाळी ९:००

भूतकाकांचा मुद्दा पटला. मी काल म्हटलं होतं काहीतरी नाव द्यावंच लागणार. ते खरंच आहे, पण कुठलं द्यायचं यातही काम असतं, हे लक्षात आलं नव्हतं.

दिड्डम
२१ जून, संध्याकाळी ७:४५

काळाकोट यांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं. चार ओळी. आज त्या पेपरमधून फोन आला, लेख लिहिणारीचाच. माझ्यापेक्षा बरीच लहान वाटली आवाजावरून. घाबरलेली होती. तिने सांगितलं, व्यवसाय आणि वय बदललं होतं, गाव बदलायचं राहिलं. नाव तिला फार आवडलं म्हणून घेतलं, खऱ्या आयुष्यात कुणाचं असेल असं डोक्यातही आलं नाही. ऑनलाइन आवृत्तीत आता नाव बदलून 'सुनीता' केलंय, गावही काढलंय. (सुनीतांनो, क्षमस्व.) दिलगिरी छापायची का विचारलं. मी नको म्हटलं. छापली की पुन्हा त्या लेखाकडे बोट जाणार, आणि ज्या बाईचं ते आहे तिला त्याचा काय फायदा?

मग मीच विचारलं, ती बाई कशी आहे? म्हणाली, बरी आहे, माहेरी आहे, मुलाची शाळा बदलली.

फोन ठेवताना तिने विचारलं, "मॅडम, पुढच्या वेळी नाव ठरवताना काय करू?" मी म्हटलं, आधी तुझं स्वतःचं घालून वाचून बघ. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माझं नाव तुमच्यापेक्षाही वेगळं आहे.

मावशीला सगळं सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुझं नाव सुनीता का?"

शेंगाचटणी
२१ जून, संध्याकाळी ७:५०

मावशींचा स्वतंत्र धागा काढा, मी सदस्यत्व शुल्क भरतो.

पूर्वभाग_पद्मा
२१ जून, रात्री ८:०२

छान केलंत. त्या पोरीचं नाव काय होतं हो?

दिड्डम
२१ जून, रात्री ८:०६

ते नाही सांगणार. सोलापुरात एकच आहे.